खर्ड्याची बाजू

'खरडणे' ही शिवी आहे की साधं क्रियापद, यावर रत्नागिरीत एका घरी जुंपलेला वाद मी ऐकला तसा इथे मांडतो. भांडणारी माणसं दोन. नाना न्यायालयातल्या लेखनिकाच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मोडी वाचणारे आणि स्वतःला खुशाल 'खर्डेघाशा' म्हणवून घेणारे. दुसऱ्या त्यांच्या पुतण्याची बायको. त्या शाळेत मराठी शिकवतात आणि सुट्टीत मुलांचे सुलेखनाचे वर्ग घेतात. घर त्यांना वहिनी म्हणतं, म्हणून मीही. वादाचं मूळ एका मुलाच्या वहीतला लाल शाईचा शेरा : 'निबंध खरडला आहे. पुन्हा लिहिणे.' तपासून झालेल्या वह्यांचा गठ्ठा ओटीवर होता आणि नानांना दुसऱ्यांचे कागद वाचायची जन्माची सवय.

नाना : शेरा ठीक आहे, शब्द चुकला. पोरानं खरडलंन् यात वाईट काय केलंन्?

वहिनी : वाईट नाही? नाना, अक्षर लागत नाही. 'पाऊस' आहे की 'पाडस' आहे, कळत नाही. मात्रा शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर. याला खरडणं नाही म्हणायचं तर काय?

नाना : गिचमिड म्हण. कोंबडीचे पाय म्हण. मराठीत वाईट अक्षराला नावं थोडी नाहीत गो. पण ती सगळी नावं डोळ्याला काय दिसलं ते सांगतात. खरडणं म्हणजे हातानं काय केलं ते. हात घाईत होता, एवढंच त्यातून कळतं. घाईला कारण असू शकतं.

वहिनी : हा वकिली मुद्दा झाला.

नाना : कोर्टात हयात घालवून दुसरं काय शिकणार? बरं, मोल्सवर्थचा कोश काढ. पहिली आवृत्ती १८३१ ची, आपल्याकडे आहे ती १८५७ च्या दुसरीवरून छापलेली. 'खरडणे'खाली बघ. घासणं, खरवडणं, नखांनी उकरणं. घाईघाईनं वेडंवाकडं लिहिणं हा त्यातलाच एक अर्थ. आणि शेजारी 'खरडे' बघ. डाग पडलेलं, दोन ओळींत भर घुसवलेलं लिखाण, हे आहेच. पण कच्चा मसुदा, रोजची टिपणवही, हेही त्याच शब्दाचे अर्थ. म्हणजे साहेबानं ज्या शास्त्र्यांना हाताशी धरून कोश केला, त्यांच्या कानाला खरडं ही निंदा होती आणि दप्तरातली एक वस्तूही होती.

(इथे थोडं थांबतो, कारण हा शब्द घरात, शेतात, कचेरीत सगळीकडे सापडतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची वागणूक वेगळी. पातेल्याच्या तळाची खरवड पोरं भांडून खातात. साहेब कारकुनाची खरडपट्टी काढतो. कोल्हापूरकडे हिरव्या मिरचीचा ठेचा म्हणजे खर्डा. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला हरवलं ते खर्डा हे जामखेडकडचं गाव, त्याचा या कुळाशी संबंध जोडू नये. आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं तेव्हाच्यासारखे पूर येऊन गेले की तलाठी पंचनाम्यात लिहितो, 'जमीन खरडून गेली.' सरकारी निर्णयांत हाच शब्द छापलेला असतो. जमीन खरडून गेली असेल तर मदतीचा दर वेगळा. वरचा थर ओरबाडून नेणं, हा या सगळ्यांतला समान भाग. बोरूची चीर कागदाचा थर ओरबाडते, त्याचा कर्रर्र आवाज येतो. शब्द तिथून आला असावा, असं मला वाटतं.)

वहिनी : कोश राहू दे. मी समर्थांकडे जाते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेचा. भक्तिग्रंथात अक्षर कसं काढावं यावर सबंध समास! अक्षर वाटोळं, सुटं, काळंभोर. ओळी सरळ. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे भोवती कोरी जागा सोडा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. फार बारीकही लिहू नका, म्हातारपणी वाचता येणार नाही. लिहिणाऱ्याला पुढच्या वाचणाऱ्याची एवढी काळजी! खरडणाऱ्याला ती नसते, म्हणून मी तो शब्द शिवीसारखा वापरते.

नाना : समर्थ पोथी लिहिणाऱ्याला सांगतायत. पोथी एकदा लिहायची, शंभर वर्षं वाचायची. आमच्या कोकणच्या पावसाळ्यात कडा झडणार, कसर लागणार, सगळं खरं. पण त्याच काळात शेजारच्या फडावर कारकून काय करत होता? रोज पन्नास कागद. त्याला वाटोळं अक्षर परवडलं असतं? म्हणून तर मोडी. बाळबोध ही देवाची आणि पोरांची, मोडी ही कामाची.

वहिनी : मोडी म्हणजे मोडलेली.

नाना : मोडलेली म्हण, मुरडलेली म्हण. फारशीतसुद्धा घाईच्या लिपीला 'शिकस्ता' म्हणतात, म्हणजे तुटलेलीच. हेमाडपंतानं आणली म्हणतात, ते खरं असो नसो. पण करामत बघ. सबंध ओळीची शिरोरेघ आधीच ओढून ठेवायची. मग खाली अक्षरं टांगत जायचं, बोरू न उचलता. ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही, इकार एकच, उकार एकच. शब्दांमध्ये जागा नाही. विरामचिन्हं नाहीत. तुझ्या लाल पेनाला दर ओळीला काम! आणि या लिपीवर राज्य चाललं. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमालच्या रुमाल याच घाईत लिहिलेले. आता सांग, ते सगळं खरडलेलं?

वहिनी : नाही. कारण त्या घाईला नियम होते. तुम्हीच आत्ता नियम सांगितलेत. प्रत्येक कारकून 'क' तसाच मुरडायचा, म्हणून दुसरा वाचू शकायचा. नियम नसलेली घाई म्हणजे खरडणं.

नाना : (जरा थांबून) हं. हे घेण्यासारखं आहे.

वहिनी : आणि बाळाजी आवजींना विसरू नका. आपल्या राजापुरात लिहिणावळीवर होते. त्यांचं अक्षर पाहून शिवाजी महाराजांनी चिटणिशी दिली, असं बखरकारच सांगतात. अक्षर पाहून!

नाना : बरोबर. आणि त्यांची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुठली? पत्र लिहायला सांगितलेलं, लिहायला वेळच झाला नाही, तर कोरा कागद हातात धरून सबंध मजकूर धडाधड वाचून दाखवला. महाराज खूश. सुंदर अक्षरासाठी नेमलेला माणूस लोकांच्या लक्षात राहिला तो न लिहिलेल्या पत्रासाठी!

वहिनी : ती दंतकथा आहे.

नाना : दोन्ही कथाच आहेत. तू तुझी घेतलीस, मी माझी घेतली.

मला यात गंमत वाटली, पण नाना इथे थोडे निसटले असंही वाटलं. कोऱ्या कागदाची गोष्ट स्मरणशक्तीची आहे. खरडीची बाजू तिनं भक्कम होत नाही. वहिनींनी तेवढ्यात पुढचा कागद टाकला आणि वाद अक्षराच्या सौंदर्यावरून घसरून जिथे जायला हवा होता तिथे गेला.

वहिनी : तुमचा कारकून दुसऱ्या कारकुनासाठी लिहायचा. रयतेचं काय? तिला ते वाचता येत नव्हतं. १९१७ साली मुंबई सरकारनं कारभारात मोडीऐवजी बाळबोध आणायचं ठरवलं, ते उगाच नाही. तरी गावोगाव मोडी चालूच राहिली आणि त्या नोंदी आजही लोकांच्या डोक्यावर आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला तहसीलमधली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा काय झालं? मोडी वाचणारे शोधत फिरले सगळे. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या पुस्तकात, तो नमुना चौदा, त्यात जातीच्या रकान्यात एखादंच अक्षर आणि पुढे एक फराटा. त्या फराट्यावर आज कुणाचा तरी दाखला अडतो. लिहिणाऱ्याची घाई एका क्षणाची, किंमत मोजणार पणतू.

नाना : ते मी नाकारत नाही. असले कागद घेऊन लोक माझ्याकडेही येतात.

वहिनी : सातबाऱ्यावर आजोबांचं नाव 'गोविंद'चं 'गोपाळ' झालं की माणूस कचेरीच्या खेपा घालतो. जमीन महसूल संहितेतलं कलम १५५ त्याचसाठी आहे. आणि त्याचं नाव किती सोज्वळ : लेखनप्रमाद! कुणी 'खरड' म्हणत नाही. सरकारनं खरडलं की प्रमाद, माझ्या वर्गातल्या पोरानं खरडलं की शेरा.

नाना : आता तू माझ्या बाजूनं बोलायला लागलीस.

वहिनी : अजिबात नाही. मी म्हणते, दोघांनाही शेरा द्या. डॉक्टरांना दिलाच की! २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं नियमच बदलला, औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा म्हणून.

नाना : बरं, आता माझं ऐक. कोर्टात साक्ष चाललेली असते. साक्षीदार भराभरा बोलतो, वकील मध्येच तोडतो, न्यायाधीश सांगतात तेवढं घ्यायचं. स्टेनो वहीवर रेघोट्या मारत असतो. त्या रेघोट्या दुसऱ्याला दाखव, देवनागरी, मोडी, काहीच नाही. पण तो तासाभरानं त्यातून सबंध जबानी टाइप करून देतो. वही त्याची आहे. ती दुसऱ्यानं वाचायचीच नाही. तिथे अक्षर सुंदर काढत बसला तर साक्ष निसटेल. मी साधा लेखनिक, मला लघुलेखन येत नव्हतं, पण माझाही खर्डा असायचा. खोडलेलं, बाण काढलेले, समासात उभं लिहिलेलं. मग मसुदा. साहेबांनी त्यात निळ्या पेन्सिलीनं ढवळाढवळ करायची. मग स्वच्छ प्रत, सही, शिक्का, जावक क्रमांक. बाहेर जायची ती प्रत. खर्डा फाइलच्या पोटात. तुझ्या कोतवालानं चूक केली ती खरडण्याची नव्हे. त्यानं खर्डाच पक्क्या वहीत लिहिला आणि पुढे दिला.

वहिनी : म्हणजे गुन्हा खरडण्याचा नाही, खरड पुढे पाठवण्याचा.

नाना : व्यापाऱ्याला विचार. कच्ची कीर्द, मग पक्की कीर्द, मग खतावणी. कच्चीत काय वाटेल ते लिहा, उधारीवाल्याचं टोपणनावसुद्धा. पण पक्कीत खाडाखोड दिसली की समोरचा म्हणणार, हिशेबात घोळ आहे.

वादातलं हे वळण मला सगळ्यात मोलाचं वाटलं, म्हणून माझं मत इथेच सांगून टाकतो. खरडणं चांगलं की वाईट हे कागदाकडे बघून ठरत नाही, तो कागद पुढे कुणाच्या हातात जाणार यावर ठरतं. लिहिणारा आणि वाचणारा एकच असेल तोवर खरडीला पूर्ण मुभा. कागद दुसऱ्याच्या हातात गेला की प्रत्येक न लागणारं अक्षर म्हणजे आपला आळस त्याच्या माथी मारणं. नोंदवह्यांच्या बाबतीत वहिनी शंभर टक्के बरोबर आणि मसुद्याच्या बाबतीत नाना. अडचण एवढीच, की नाना मसुद्याच्या बचावासाठी आले होते आणि वहिनींच्या हातात होती ती वही नेमकी कुठली, हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं.

वहिनी : (वही उलटून बघत) रफ वही आहे. पण निबंध तपासायला त्यानं हीच पुढे केली!

नाना : मग पोराचा खटला अर्धा सुटला.

वहिनी : अर्धाच. तुमचाच न्याय लावते, खर्डा पुढे पाठवलान्.

नाना : पाठवलान्, कारण दोन वह्या त्याला कुणी सांगितल्या नाहीत. हल्ली शाळेत एकदाच लिहायचं, तेच नीट लिहायचं. विचार करताना हात स्वच्छ राहील कसा? हे आपल्या टिळक आळीतल्यांनी तरी विसरू नये. टिळकांनी गीतारहस्य कसं लिहिलं? मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या थंडीत, पेन्सिलीनं. सुटून आले १९१४ ला, पुस्तक बाहेर पडलं १९१५ ला. मधल्या काळात सरकारनं त्या वह्या अडकवून ठेवल्या होत्या. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा जन्म पेन्सिलीच्या खर्ड्यात.

(ब्रह्मदेशाचा राजा थिबा मंडालेहून रत्नागिरीत आणून ठेवला आणि इथे जन्मलेले टिळक मंडालेला नेऊन ठेवले, ही अदलाबदल रत्नागिरीकर पाहुण्याला सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. नानांनीही सोडलं नाही. वादाशी संबंध नसल्यानं मी ते गाळतो.)

वहिनी : पेन्सिलीनं लिहिलं म्हणजे खरडलं होतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? टिळकांनी पेन्सिलीनंही रेखीव लिहिलं असेल.

नाना : असेल. माझं म्हणणं अक्षराचं नाहीच. कच्चं लिहायची जागा मिळाली, म्हणून पक्कं झालं. बरं, सावरकर घे. अंदमानात कागद नाही, तर कोठडीच्या भिंतीवर काट्यानं, खिळ्यानं कवितेच्या ओळी ओरखडल्या, पाठ केल्या. हे शब्दशः खरडणं. मोल्सवर्थच्या पहिल्या अर्थाचं.

वहिनी : आणि तेच सावरकर १९२४ ते ३७ इथे रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिपिशुद्धी मांडत होते. 'इ' ऐवजी 'अ'ला वेलांटी, छापखान्याचे खिळे कमी व्हावेत म्हणून. भिंतीवर खरडणारा माणूस छापलेल्या अक्षराचा एवढा विचार करतो! कारण छापलेलं दुसऱ्यानं वाचायचं असतं. नाना, तुमचं प्रत्येक उदाहरण शेवटी माझ्याकडे येतं.

नाना : येऊ दे. मला एकच गोष्ट तुझ्याकडून हवी आहे. 'खर्डेघाशी' हा शब्द लोक कसा वापरतात? 'कुठे सरकारी खर्डेघाशी करत बसलास?' म्हणजे अक्कल न लागणारं काम. बिनडोक कारकुनी. मला त्याचा राग नाही, गंमत वाटते. खर्डा म्हणजे कच्चा मसुदा. त्यात डोकं सगळ्यात जास्त लागतं. काय लिहायचं, कुठलं कलम, कुणाला कमी दुखेल असं कसं लिहायचं, हे खर्ड्यातच ठरतं. सुवाच्य प्रत काढणं हे खरं बिनडोक काम. तर त्याला प्रतिष्ठा, आणि खर्ड्याला हिणवणं.

वहिनी : कारण खर्डा दुसऱ्याच्या नावानं असतो. डोकं तुमचं, सही साहेबाची. लोक हिणवतात ते त्याला, अक्षराला नव्हे.

यावर नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही वाटतं, हिणवण्याचं खरं मूळ वहिनींनी पकडलं. चिटणीस, फडणीस ही नावं पुढे आडनावं झाली आणि मानाची झाली, कारण त्या काळी मजकूर घडवणाऱ्याला राजाच्या जवळ जागा होती. इंग्रजी कचेरीत तीच माणसं रांगेत टेबलं लावून बसली आणि खर्डा त्यांच्या हातात राहून श्रेय वर गेलं. शब्दाची घसरण पगाराच्या पायऱ्यांबरोबर झाली असावी.

वहिनी : आता तर खर्डाच उरला नाही. मोबाईलवर सगळं टंकलेलं. अक्षर एकजात सुंदर, शिरोरेघ सरळ. एक शब्द खोडलेला दिसत नाही. शाळेच्या ग्रुपवर पालकांचे निरोप येतात ना, बोलून टाइप केलेले, 'शाळेला सुट्टी आहे का' च्या जागी काहीतरी भलतंच. दिसायला पक्की वही, आत कच्ची. त्याला तुमचा मोल्सवर्थ काय म्हणेल?

नाना : खरडलंय म्हणेल. हाताशिवाय.

वहिनी : म्हणजे शब्द शिवी म्हणून चालेल?

नाना : तिथे चालेल. मुलाच्या रफ वहीवर नको.

तेवढ्यात वहिनींनी मोबाईल पुढे केला. मैत्रिणीनं एका जुन्या नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला होता; मोडी, शाई तपकिरी झालेली, कडेला वाळवीची भोकं. एका नावाशी गाडी अडली होती. नानांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा केला.

वहिनी : काय लिहिलंय?

नाना : आत्ता सांगता येणार नाही. हे एक पान बघून कुणीही सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. त्या वहीची मागची-पुढची दहा पानं मागव. जी नावं आपल्याला ठाऊक आहेत, देवाची, गावाची, महिन्यांची, ती आधी काढायची. हा माणूस 'व' कसा टाकतो, 'ध' कुठे सोडतो, रकाना संपत आला की काय गाळतो, ते कागदावर उतरवून घ्यायचं. त्याच्या हाताची बाराखडी तयार झाली की मग या नावाकडे यायचं.

वहिनी : म्हणजे त्याच्या खरडीलाही नियम असतो.

नाना : माणूस एकच असेल तर असतोच.

वहिनी : आणि मध्येच कोतवाल बदलला असेल तर?

नाना : तर पुन्हा पहिल्यापासून. दहा पानं त्याची वेगळी मागव.